लॅक्टोज न पचणं आणि लॅक्टोज-मुक्त दूध : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आणि माझं स्वतःचं पोट दुधाच्या बाबतीत फारसं भरवशाचं नाही. त्यामुळे हे प्रश्न दोन्हीकडून माझ्यापर्यंत येतात. पुन्हा पुन्हा विचारले जाणारे इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींची, काहींची लांबलचक. प्रश्नच तसे आहेत.

लॅक्टोज आणि लॅक्टेज एकच का?

नाही. दोन शब्दांत फक्त एका कान्याचा फरक आहे आणि त्या कान्याने बराच गोंधळ घातला आहे.

लॅक्टोज ही दुधातली साखर. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन छोट्या साखरा एकमेकींना जोडल्या की लॅक्टोज होतं. हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त द्युमा यांनी १८४३ मध्ये दिलं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात साधारण साडेचार ते पाच ग्रॅम लॅक्टोज असतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या पेल्यात सुमारे १२ ग्रॅम. हा १२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आईच्या दुधात ते याहून जास्त, १०० मिलिलिटरमागे ७ ग्रॅमच्या आसपास असतं.

लॅक्टेज हे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन. लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर ते बसलेलं असतं आणि दोन साखरांमधला टाका उसवायचं काम करतं. अख्खं लॅक्टोज आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. टाका उसवला की सुट्या झालेल्या दोन्ही साखरा सहज शोषल्या जातात.

लहानपणी पेलेच्या पेले दूध पचायचं, मग आता काय झालं?

बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न. अंगावरचं पिणं सुटलं की लॅक्टेजची गरज संपते आणि शरीर ते बनवणं कमी करत जातं. माणसाचंही मुळात असंच आहे. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांमध्ये मोठेपणी लॅक्टेज कमी झालेलं असतं. म्हणजे मोठेपणीही दूध पूर्ण पचवणारे हेच खरे अपवाद. वैद्यकशास्त्राला हे उमगायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. तोवर दूध पचणं हेच सर्वांसाठी 'नॉर्मल' धरलं जाई.

अपवाद कसा निर्माण झाला याचा धागा २००२ मध्ये फिनलंडमधल्या संशोधकांच्या हाती लागला. लॅक्टेजचं जनुक दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, पण ते चालू-बंद ठेवणारी कळ त्या जनुकात नाही, शेजारच्या जनुकात आहे. तिथलं डीएनएचं एक अक्षर बदललं की लॅक्टेज आयुष्यभर बनत राहतं. पुढे २००७ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या गुरं पाळणाऱ्या समाजांत वेगळीच अक्षरं बदललेली सापडली. परिणाम मात्र तोच. दूध पचवण्याची ही सोय माणसात एकदाच नव्हे, वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे आली.

काही जणांमध्ये मात्र कारण निराळं असतं. जोरदार जुलाब, सिलिअॅक, क्रोन्स यांसारखे आतड्याचे आजार किंवा काही औषधोपचार यांमुळे आतड्याचं अस्तर दुखावतं आणि त्यावरचं लॅक्टेजही जातं. हा प्रकार तात्पुरता असू शकतो. अस्तर भरून आलं की दूध पुन्हा पचू लागतं. जन्मापासूनच लॅक्टेज नसणं हा तिसरा प्रकार. तो अतिशय दुर्मीळ आहे आणि फिनलंडमध्ये त्यातल्या त्यात जास्त आढळतो.

पोटात नेमकं काय होतं?

न उसवलेलं लॅक्टोज लहान आतड्यात तसंच राहतं आणि पाणी ओढून घेतं. आतडं पाण्याने फुगतं, पोटात गुडगुड सुरू होते. तिथून हा सगळा ऐवज मोठ्या आतड्यात पोचतो. तिथल्या कोट्यवधी जिवाणूंना ती मेजवानीच. ते लॅक्टोज आंबवतात, त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींमध्ये मिथेन तयार होतो. पोट फुगणं, कळा, वारा सरणं, जुलाब हा सगळा त्याचाच हिशेब. दूध प्यायल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत केव्हाही हे सुरू होऊ शकतं.

त्रास होतो, लाजिरवाणं होतं, पण यात आतड्याला इजा होत नाही. दुसऱ्या दिवशी माणूस ठणठणीत असतो.

म्हणजे ही दुधाची अॅलर्जीच ना?

नाही, आणि हा फरक जिवावर बेतू शकतो म्हणून जरा ठासून सांगतो. अॅलर्जी असते ती दुधातल्या प्रथिनांची, म्हणजे केसीन किंवा निवळीतल्या (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातल्या) प्रथिनांची. तिथे शरीराची प्रतिकारयंत्रणा उठते. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, श्वास लागणं अशी लक्षणं दिसतात आणि चमचाभर दूधही पुरतं. लॅक्टोजच्या त्रासात प्रतिकारयंत्रणेचा संबंधच नसतो. हा निव्वळ पचनाचा, आणि मुख्य म्हणजे प्रमाणाचा मामला आहे.

लॅक्टोज-मुक्त दुधात प्रथिनं जशीच्या तशी असतात. दुधाची अॅलर्जी असलेल्याने ते घेऊ नये. 'लॅक्टोज-मुक्त' म्हणजे 'दुधाविना' नव्हे. ही दोन नावं छापलेली पाकिटं शेजारीशेजारी ठेवलेली दिसतात आणि घाईत माणूस चुकीचं उचलतो.

मला हाच त्रास आहे हे कसं ओळखायचं?

घरगुती पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे: दोन आठवडे दूध बंद करून बघायचं, मग पुन्हा सुरू करायचं. उपयोगी आहे, पण फसवीही आहे. पोट फुगण्याची कारणं डझनभर असतात. दूध बंद केलं त्याच दिवशी माणूस चहा, बिस्किटं आणि रात्रीचं अवेळी खाणंही कमी करतो. मग बरं वाटल्याचं श्रेय कोणाला द्यायचं?

डॉक्टर बहुधा श्वासाची चाचणी सांगतात. तिची कल्पना मला फार आवडते. माणसाच्या पेशी हायड्रोजन वायू बनवतच नाहीत. तो बनवतात फक्त जिवाणू. त्यामुळे श्वासात हायड्रोजन वाढला याचा अर्थ आतड्यात कुठेतरी साखर न पचता जिवाणूंच्या हाती लागली. रात्रभर उपाशी राहून सकाळी २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यात मिसळून पितात आणि मग तीनएक तास ठरावीक वेळाने एका पिशवीत किंवा नळीत फुंकतात. सुरुवातीच्या पातळीपेक्षा हायड्रोजन दशलक्ष भागांत २० भागांनी वाढला तर लॅक्टोज पचत नाही असं धरतात. काही जणांच्या आतड्यातले जिवाणू हायड्रोजनचा मिथेन करून टाकतात, त्यांच्यात ही चाचणी चुकीने 'सगळं ठीक' म्हणू शकते. म्हणून मिथेनही मोजलेला बरा. नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर आधी सांगा, जिवाणूच गेले असतील तर फुंकून काय सापडणार!

दुसरी चाचणी रक्ताची. लॅक्टोज पिऊनही रक्तातली साखर डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमनेही वाढली नाही, तर ते पचलेलं नाही.

वजन घटणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप यांपैकी काही असेल तर लॅक्टोजच्या मागे वेळ घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा. ही लॅक्टोजची लक्षणं नव्हेत.

मग दूध कायमचं सोडायचं का?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि सगळ्यात चुकीचं उत्तर मिळणाराही हाच. सोडायची गरज बहुतेकांना नसते.

लॅक्टेज कमी होतं म्हणजे शून्य होतं असं नाही. बहुतेक जण एका वेळी सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे तो वरचा एक पेला, फारसा त्रास न होता रिचवू शकतात. जेवणासोबत घेतलं तर आणखी सोपं जातं, कारण दूध जठरातून सावकाश पुढे सरकतं आणि उरल्यासुरल्या लॅक्टेजला वेळ मिळतो. रिकाम्या पोटी घटाघट प्यायलेला पेला आणि जेवताना घोटघोट घेतलेला पेला हे पोटाच्या लेखी दोन वेगळे पदार्थ आहेत.

१९९५ मध्ये अमेरिकेत झालेला एक प्रयोग मी प्रत्येकाला सांगतो. 'आम्हाला थोडंसं दूधही चालत नाही' असं ठामपणे सांगणारे तीस जण घेतले. आठवडाभर रोज न्याहारीसोबत २४० मिलिलिटर साधं दूध आणि दुसऱ्या आठवड्यात तेवढंच लॅक्टोज-मुक्त दूध दिलं. कोणतं केव्हा हे त्यांना कळू दिलं नाही. लॅक्टोज-मुक्त दूध गोडसर लागतं, म्हणून साध्या दुधातही कृत्रिम गोडी घालून चव सारखी केली. दोन्ही आठवड्यांतल्या त्रासात म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्याहून गंमत अशी की तिसांपैकी नऊ जणांना चाचणीत लॅक्टोज व्यवस्थित पचत होतं!

याचा अर्थ त्रास खोटा असतो असा नाही. अर्थ इतकाच की पेलाभर दुधावर जेवढा आळ येतो तेवढा त्याचा दोष नसतो. दोन-तीन पेले एकदम घेतले तर गोष्ट वेगळी, तिथे मीही हार मानतो.

आणखी एक. रोज थोडं थोडं दूध घेत राहिलं तर काही आठवड्यांत त्रास कमी होतो असं आढळलं आहे. लॅक्टेज वाढत नाही, मोठ्या आतड्यातले जिवाणू सरावतात. दूध पूर्ण तोडणारा माणूस ही सवय मोडून बसतो आणि मग वर्षाने घेतलेला एक पेला त्याला जड जातो.

दही, चीज, लोणी, तूप?

दही सहसा चालतं. विरजणातले जिवाणू दूध आंबवताना थोडंफार लॅक्टोज स्वतः खातात, पण खरी मदत नंतर होते. जिवंत जिवाणू लॅक्टोज तोडणारं एन्झाइम सोबत घेऊन आतड्यात पोचतात आणि उरलेलं लॅक्टोज तिथे तोडतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये हा दावा मान्य केला, अट एवढीच की ग्रॅममागे किमान दहा कोटी जिवंत जिवाणू हवेत. दही आंबवल्यानंतर गरम करून टिकाऊ केलेलं असेल तर हा फायदा बराचसा जातो.

चीज करताना बहुतेक लॅक्टोज निवळीबरोबर निघून जातं. राहिलेलं महिनोन् महिने मुरताना जिवाणू संपवतात. त्यामुळे जुन्या, कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळपास नसतंच. ताजं, मऊ चीज तितकं निर्धोक नाही. लोण्यात अगदी थोडं, तुपात नावापुरतं.

लपून बसतं ते दूध पावडरीत आणि निवळीच्या पावडरीत. साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत वजनाच्या निम्मं लॅक्टोज असतं, निवळीच्या पावडरीत त्याहूनही जास्त. सूप, सॉस, बिस्किटं, प्रथिनांची पेयं यांच्या घटकयादीत ही नावं शोधा.

गोळ्या-औषधांतही लॅक्टोज असतं म्हणे?

असतं. गोळीला आकार देण्यासाठी ते सर्रास वापरतात, पण एका गोळीत फार तर काहीशे मिलिग्रॅम. वर १२ ग्रॅमचा आकडा सांगितला, त्याच्याशी ताडून पाहा. त्यापायी औषध बंद करू नका. दम्याच्या पावडर इनहेलरमध्येही लॅक्टोज असतं. तिथे जपायचं ते दुधाच्या प्रथिनांची अॅलर्जी असणाऱ्यांनी, कारण प्रथिनाचा अंश राहून गेलेला असू शकतो.

दूध उकळलं की लॅक्टोज जातं का? ए-टू दूध? बकरीचं दूध?

उकळून लॅक्टोज जात नाही. ए-टू हा केसीन या प्रथिनाचा प्रकार आहे, लॅक्टोज त्यातही तेवढंच. बकरीच्या दुधात किंचित कमी, पण पोटाला कळेल इतकं नाही. सोया, ओट, बदाम यांच्या पेयांत लॅक्टोज मुळातच नसतं. मात्र ती दूध नव्हेत, आणि कॅल्शियम वरून घातलं असेल तरच असतं.

लॅक्टोज-मुक्त दुधातून लॅक्टोज काढून टाकतात का?

नाव ऐकून तसंच वाटतं. पण बहुतेक लॅक्टोज-मुक्त दुधातून काहीही काढलेलं नसतं. उलट त्यात घातलेलं असतं, लॅक्टेज. जे काम तुमच्या आतड्यात व्हायचं ते टाकीत आधीच उरकलेलं असतं. मी याला 'अर्धं पचवून दिलेलं दूध' म्हणतो. विक्री विभागाला हे नाव आवडणार नाही, पण बरोबर तेच आहे.

या दुधाला बाजारात आणण्यात अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या रसायनशास्त्रज्ञ व्हर्जिनिया होल्सिंगर यांच्या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

हे लॅक्टेज येतं कुठून? प्रामुख्याने क्लायव्हेरोमायसिस लॅक्टिस या यीस्टपासून. दुधाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ६.६ च्या आसपास असतो आणि या यीस्टचं एन्झाइम नेमकं तिथेच खुशीत काम करतं. बुरशीपासून मिळणारं लॅक्टेज आंबट वातावरणात चालतं, म्हणून ते दुधाच्या टाकीत नव्हे, गिळायच्या गोळ्यांत वापरतात.

कारखान्यात प्रत्यक्ष काय करतात?

तीन वाटा आहेत.

पहिली जुनी आणि सरळ. थंड दुधाच्या टाकीत एन्झाइम घालतात आणि ४ ते ८ अंश सेल्सियसला साधारण एक दिवस ठेवतात. अधूनमधून ढवळणं चालूच. हेच काम ३५-४० अंशांना काही तासांत होईल, मग एवढा वेळ का घालवायचा? कारण त्या उबेत एन्झाइमइतकेच जिवाणूही खूश होतात, आणि टाकीभर दूध नासायला तेवढे तास पुरतात. थंडीत दोघेही मंदावतात, आपण फक्त एन्झाइमला जास्त वेळ देतो. काम झालं की दूध पाश्चराइज करतात, उष्णतेने एन्झाइमही निकामी होतं.

दुसरी वाट टिकाऊ दुधाची. आधी दूध काही सेकंद १३५ अंशांच्या वर तापवून निर्जंतुक करतात, थंड करतात, आणि पाकिटात भरण्याच्या अगदी आधी चालत्या धारेत एन्झाइमचे मोजके थेंब सोडतात. ते एन्झाइम ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गाळणीतून आलेलं असतं, म्हणजे जिवाणूला आत यायला फटच नाही. पाकीट बंद झाल्यावर आत काम सुरू होतं आणि पुढचे काही दिवस गोदामात पडल्या पडल्या दूध लॅक्टोज-मुक्त होतं. एन्झाइम कमी लागतं, कारण वेळ भरपूर आहे.

पण या वाटेवर एक खोड आहे. एन्झाइम पुढे कधीच मारलं जात नाही, ते पाकिटात जिवंतच राहतं. यीस्टपासून आलेल्या लॅक्टेजसोबत प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमचा अंश आला असेल तर तोही महिनोन् महिने आपलं काम करत बसतो. दूध कडवट होतं. सोबत आलेलं आणखी एक नको असलेलं एन्झाइम पी-क्रेसॉल नावाचं रसायन मोकळं करतं, त्याचा वास गोठ्यासारखा, औषधी. अशी पाकिटं मी हुंगली आहेत. पहिल्या महिन्यात निर्दोष, चौथ्या महिन्यात झाकण उघडताच नाक वाकडं. शुद्ध एन्झाइम महाग का असतं हे त्या वासानंतर कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी वाट गाळणीची. इतक्या बारीक छिद्रांच्या पडद्यातून दूध दाबाने नेतात की चरबी आणि प्रथिनं मागे राहतात, पाणी, लॅक्टोज आणि क्षार पलीकडे जातात. मग आणखी बारीक पडद्याने लॅक्टोज अडवून क्षार आणि पाणी पुन्हा दुधात मिसळतात. लॅक्टोजचा काही भाग असा काढून उरलेल्यावर एन्झाइम सोडतात. साखरेचा काही भाग आधी वेगळा काढून साध्या दुधाच्याच गोडीचं लॅक्टोज-मुक्त दूध फिनलंडच्या व्हॅलिओ कंपनीने २००१ मध्ये आणलं.

हातातलं पाकीट कोणत्या वाटेने आलं ते ओळखता येतं. पोषणतक्त्यात १०० मिलिलिटरमागे साखर पावणेपाच ग्रॅमच्या आसपास असेल तर फक्त एन्झाइम वापरलं आहे. तीन किंवा त्याहून कमी असेल तर गाळणी लावली आहे.

हे दूध गोड का लागतं? साखर घालतात का?

नाही. लॅक्टोज फार कमी गोड आहे, नेहमीच्या साखरेच्या जेमतेम पाचवा हिस्सा. ते तुटून होणारं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दोन्ही त्याहून बरेच गोड. साखर तेवढीच, जिभेला फक्त जास्त जाणवते.

लॅक्टोज पूर्ण तुटलं हे कारखान्याला कसं कळतं?

हा माझा आवडता प्रश्न, कारण हे काम मी स्वतः केलं आहे. शेवटचा अचूक आकडा मोठ्या उपकरणातून येतो, पण रात्रपाळीत टाकीचं कुठवर आलं हे बघायला आम्ही क्रायोस्कोप वापरायचो. हे यंत्र दूध किती अंशांना गोठतं ते मोजतं. दुधात पाणी मिसळलं आहे का हे पकडायला ते प्रत्येक डेअरीत असतंच. साधं दूध उणे ०.५२ अंशांच्या आसपास गोठतं. पाणी घातलं की आकडा शून्याकडे सरकतो.

लॅक्टोज तुटताना उलटं होतं. गोठणबिंदू द्रवात विरघळलेल्या रेणूंच्या संख्येवर ठरतो, आणि इथे एका रेणूचे दोन होत असतात. दर काही तासांनी चमचाभर दूध छोट्या नळीत घ्यायचं, यंत्रात उतरवायचं, सुई थरथरली की आकडा लिहायचा. उणे ०.५८, उणे ०.६६, उणे ०.७४. सगळं तुटेपर्यंत आकडा पाव अंशाहून थोडा अधिक खाली गेलेला असतो. मग तो हलेनासा होतो. टाकीत पाहिलं तर काहीच बदललेलं नसतं, तसंच पांढरं, तसंच थंड दूध.

नव्याने आलेला एक मुलगा एकदा हे आकडे बघून चकित झाला होता. 'साहेब, हे तर पाणी काढून घेतल्यासारखं दिसतंय!' भेसळ पकडणाऱ्या यंत्राला खरंच तसंच वाटतं.

'मुक्त' म्हणजे अगदी शून्य का?

नाही. मर्यादा देशागणिक वेगळी असते. बऱ्याच युरोपीय देशांत १०० ग्रॅममागे ०.१ ग्रॅमच्या खाली, तर फिनलंडसारख्या नॉर्डिक देशांत ०.०१ ग्रॅमच्या खाली. पहिली मर्यादा धरली तरी पेल्यात पाव ग्रॅम. त्याने कोणाचं पोट बिघडल्याचं सांगितलं तर मी कारण दुसरीकडे शोधायला सांगेन.

घरी करता येतं का?

येतं. लॅक्टेजचे थेंब मिळतात. बाटलीवर सांगितले तेवढे थंड दुधात घाला, हलवा, फ्रिजमध्ये एक दिवस ठेवा. गरम दुधात घालू नका, एन्झाइम मरतं. आधी उकळून पूर्ण थंड केलेलं दूध चालेल.

झालं की नाही याची शंका असेल तर लघवीतली साखर तपासायच्या पट्ट्या वापरून पाहा. साध्या दुधात सुटं ग्लुकोज जवळपास नसतं, पट्टी बुडवली तरी रंग तसाच राहतो. थेंब घातलेल्या दुधात बुडवली की मिनिटभरात रंग बदलतो. किती टक्के तुटलं हे पट्टी सांगत नाही, काम सुरू झालं एवढं सांगते. मुलांना दाखवायला याच्याइतका चांगला प्रयोग नाही.

लॅक्टेजच्या गोळ्या चालतात का?

चालतात, पण वेळ साधली तर. पहिल्या घासासोबत किंवा घोटासोबत घ्यायची. पोट फुगल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग नाही, तोवर लॅक्टोज पुढे गेलेलं असतं. गोळीचा जोर मर्यादित असतो, त्यामुळे घेतली म्हणून लिटरभर दूध पिऊ नका.

पोषण कमी होतं का? मधुमेह असेल तर?

प्रथिनं, कॅल्शियम, जीवनसत्त्वं तीच राहतात. मधुमेहींनी एवढं लक्षात ठेवावं की साखर नाहीशी झालेली नाही, सुटी झाली आहे. कर्बोदकांच्या हिशेबात हे दूध साध्या दुधाएवढंच धरा. गाळणीचं असेल तर तक्ता पाहून कमी.

बाळाला दूध पचत नाही असं वाटतं, काय करू?

आपण होऊन काही करू नका. जन्मजात लॅक्टेज नसणं इतकं दुर्मीळ आहे की कारण बहुधा दुसरं निघतं. जुलाबानंतर तात्पुरतं असं होतं आणि बरं होतं. आईने दूध सोडल्याने तिच्या अंगावरच्या दुधातलं लॅक्टोज कमी होत नाही, ते स्तनातच तयार होतं. स्तनपान थांबवण्याआधी डॉक्टरांशी बोला.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगतो. गॅलॅक्टोसेमिया नावाचा जन्मजात आजार असतो, त्यात शरीराला गॅलॅक्टोज चालत नाही. एन्झाइमने केलेल्या लॅक्टोज-मुक्त दुधात गॅलॅक्टोज सुटं, भरपूर असतं. अशा बाळाला हे दूध देऊ नये.

तापवल्यावर हे दूध लालसर का होतं?

सुटं ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज दुधातल्या प्रथिनांशी लॅक्टोजपेक्षा लवकर जुळतात, आणि त्यातून तपकिरी रंग आणि भाजल्यासारखा वास येतो. सारख्याच दोन पातेल्यांत दोन्ही दुधं मंद आचेवर ठेवून मी पाहिलं आहे. साधं दूध बराच वेळ पांढरं राहिलं, दुसऱ्याची कड लवकर बदामी झाली आणि तळही आधी लागला. आटवायचं असेल तर आच कमी ठेवा आणि शेजारून हलू नका. टिकाऊ पाकीट उन्हाळ्यात बाहेर बरेच महिने राहिलं तर तेही याच कारणाने किंचित पिवळट दिसतं.

या दुधाचं दही लागतं का?

लागतं. विरजणातल्या जिवाणूंना लॅक्टोज नसलं तरी ग्लुकोज चालतं. मला नेहमीपेक्षा तास-दीड तास जास्त लागतो, आणि दही जरा कमी आंबट वाटतं. लागलं नाही म्हणून घाईने दुसरं विरजण घालू नका. पातेलं उबेत तसंच राहू द्या.